तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले, पण अमेरिकेतलं गाव विरुद्ध शहर हे भांडण त्यांच्याशिवाय समजत नाही

अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला की टीव्हीवर एक नकाशा हमखास दिसतो. मधला बराचसा भाग लाल आणि दोन्ही किनाऱ्यांवर, मोठ्या शहरांभोवती निळा. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट. एका बाजूला खेड्यातला मतदार आणि दुसऱ्या बाजूला शहरातला शिकलेला उदारमतवादी, असं हे चित्र असतं.

अनेकांना वाटतं की ही दरी डोनाल्ड ट्रम्प आल्यावर पडली. पण ती किमान सव्वाशे वर्षं जुनी आहे. गंमत म्हणजे १८९६ साली हाच नकाशा बऱ्याच ठिकाणी उलटा होता. नेब्रास्का, कॅन्सस, मिसुरी, युटा, आयडाहो आणि दक्षिणेतली बहुतेक राज्यं डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली होती. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स रिपब्लिकन पक्षाकडे गेली होती. शेतकऱ्यांचा उमेदवार तेव्हा डेमोक्रॅट होता आणि त्याचं वय होतं फक्त ३६ वर्षं.

त्यांचं नाव विल्यम जेनिंग्स ब्रायन. ते तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि तिन्ही वेळा हरले. पण त्यांनी मागितलेल्या बऱ्याच गोष्टी पुढे अमेरिकेच्या राज्यघटनेत आल्या. ज्या शहरी सुधारणावाद्यांनी एकेकाळी त्यांच्यासाठी मतं मागितली होती, त्यांच्याच हातून आयुष्याच्या शेवटी त्यांची भर चौकात फजिती झाली. हे कसं घडलं, हे पाहिलं की ही फूट कुठून आली ते कळतं.

सुरुवात झाली गव्हाच्या भावापासून

ब्रायन यांचा जन्म १९ मार्च १८६० रोजी इलिनॉय राज्यातल्या सेलम या छोट्या गावात झाला. वडील न्यायाधीश होते, घरातलं वातावरण धार्मिक. ब्रायन यांनी शिकागोत वकिलीचं शिक्षण घेतलं. पत्नी मेरी यांनीही लग्नानंतर कायद्याचा अभ्यास करून वकिलीची सनद मिळवली. १८८७ साली ब्रायन नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात आले आणि १८९० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिथून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेले.

नेब्रास्का म्हणजे मैलोनमैल पसरलेली शेती. तिथला शेतकरी तेव्हा एका विचित्र संकटात सापडला होता. पीक चांगलं येत होतं, पण भाव दर वर्षी पडत होता.

हे कसं व्हायचं ते एका हिशोबाने समजून घेऊ. समजा, गव्हाचा भाव बुशेलला (म्हणजे साधारण २७ किलोला) एक डॉलर असताना एखाद्या शेतकऱ्याने जमीन गहाण ठेवून १००० डॉलर कर्ज काढलं. ते फेडायला त्याला १००० बुशेल गहू विकावा लागणार. पण भाव अर्ध्या डॉलरवर आला, तर तेच कर्ज फेडायला २००० बुशेल लागतात. कर्जाचा आकडा तोच राहतो, पण घाम दुप्पट गाळावा लागतो. १८९४ च्या सुमारास गव्हाचा भाव खरोखरच अर्ध्या डॉलरच्या आसपास आला होता. दक्षिणेतल्या कापूस उत्पादकांचीही हीच गत होती.

भाव का पडत होते? नव्या जमिनी लागवडीखाली आल्या होत्या, रेल्वे आणि आगबोटींमुळे जगभरचा गहू एकाच बाजारात येत होता. पण शेतकऱ्यांचा राग आणखी एका गोष्टीवर होता, ती म्हणजे सोनं. अमेरिकेचं चलन सोन्याशी बांधलेलं होतं. लोकसंख्या आणि उत्पादन वाढत होतं, पण सोन्याचा साठा तेवढ्या वेगाने वाढत नव्हता. पैसा कमी आणि माल जास्त, म्हणून मालाचा भाव खाली. ज्यांनी कर्ज दिलं होतं त्या पूर्वेकडच्या बँकांचा यात फायदा होता. परत मिळणारा प्रत्येक डॉलर दिलेल्या डॉलरपेक्षा जास्त माल विकत घेऊ शकत होता.

शेतकऱ्यांची मागणी साधी होती. सोन्याबरोबर चांदीचीही नाणी हवी तेवढी पाडा, म्हणजे बाजारात पैसा वाढेल आणि भाव वर येतील.

या भांडणात मुंबईचाही एक धागा आहे. तेव्हा भारतात कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जाऊ शकत होतं आणि रुपये पाडून घेऊ शकत होतं. जून १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी अशा चांदीसाठी बंद केल्या. चांदीचं एक मोठं गिऱ्हाईकच गेलं आणि जगभर चांदीचा भाव कोसळला. अमेरिकेत तेव्हा आर्थिक मंदी सुरू झाली होती. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने सरकारी चांदी खरेदीचा कायदा रद्द केला. ब्रायन यांनी त्याविरुद्ध लांबलचक भाषण केलं, पण ती लढाई ते हरले.

एका भाषणाने उमेदवारी मिळाली

जुलै १८९६ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. माइक नव्हते, सभागृह प्रचंड मोठं होतं आणि ब्रायन यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. त्यांचा मुद्दा असा की व्यापारी म्हणजे फक्त शहरातला बँकवाला नव्हे, पहाटे उठून रान नांगरणारा शेतकरीही तितकाच व्यापारी आहे. शेती टिकली तर शहरं पुन्हा उभी राहतील, पण शेती मोडली तर शहरंही टिकणार नाहीत. भाषण संपल्यावर प्रतिनिधींनी त्यांना खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मतदानाच्या पाचव्या फेरीत पक्षाने त्यांना उमेदवारी दिली. शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीनेही पुढे त्यांनाच पाठिंबा दिला.

समोर रिपब्लिकन पक्षाचे विल्यम मॅकिन्ली होते. ते ओहायोतल्या आपल्या घराच्या ओसरीवरून भाषण करायचे आणि रेल्वेने लोक त्यांना ऐकायला यायचे. त्यांचे प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी उद्योगपतींकडून सुमारे ३५ लाख डॉलर गोळा केले. ब्रायन यांच्याकडे त्याच्या छोट्या वाट्याइतकाही पैसा नव्हता. मग त्यांनी रेल्वेने सुमारे १८,००० मैल प्रवास केला आणि साधारण ६०० भाषणं केली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराने असं दारोदार फिरणं तेव्हा कमीपणाचं मानलं जायचं.

शहरातली बडी वर्तमानपत्रं त्यांच्या विरोधात होती. न्यूयॉर्क टाइम्सने तर हा माणूस वेडा आहे का, यावर एका मानसरोगतज्ज्ञाचं पत्र छापलं आणि त्यावर चर्चा घडवली. चांदीच्या धोरणात चूक कुठे आहे हे दाखवता आलं असतं, त्याऐवजी उमेदवाराचं डोकं ठिकाणावर आहे का, हा विषय झाला. हे वाचणाऱ्या शेतकऱ्याला वाटलं, हे आपल्यालाच वेडं म्हणतायत.

पण चूक एकाच बाजूची नव्हती. उमेदवारी स्वीकारायला न्यूयॉर्कला जाताना ब्रायन यांनी पूर्वेकडच्या भागाचा उल्लेख शत्रूचा मुलूख असा केला. विरोधकांनी तो शब्द निवडणूक संपेपर्यंत सोडला नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी नेहमीसारखं उत्स्फूर्त न बोलता कागदावरून लांब भाषण वाचलं. ऑगस्टचा उकाडा होता, लोक भाषण चालू असतानाच उठून जाऊ लागले.

शहरातल्या कामगाराची अडचणही खरी होती. शेतमालाचा भाव वाढला तर त्याची भाकरी महागणार होती, आणि पगार त्या वेगाने वाढेल याची खात्री नव्हती. ब्रायन निवडून आले तर कारखाना बंद होईल, असं अनेक मालकांनी कामगारांना सांगितलं होतं. शेतकरी आणि कामगार दोघंही गरीब, पण पावाच्या किमतीवर दोघांचं हित एक नव्हतं. ब्रायन यांना हा पेच कधीच नीट सोडवता आला नाही.

निकाल लागला. मॅकिन्ली यांना २७१ आणि ब्रायन यांना १७६ प्रतिनिधी मतं मिळाली. ईशान्येकडचं एकही राज्य ब्रायन यांना जिंकता आलं नाही. पुढच्या काही वर्षांत दक्षिण आफ्रिका आणि क्लोंडाइकमधून भरपूर सोनं आलं, पैसा वाढला आणि शेतमालाचे भाव सावरले. पैसा वाढला की भाव वाढतात हे शेतकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं, पण तोवर चांदीचा प्रश्नच संपला होता.

हरत गेले, पण मागण्या जिंकत गेल्या

१९०० साली ब्रायन पुन्हा उभे राहिले. या वेळी मुद्दा होता फिलिपिन्सचा. स्पेनकडून घेतलेला तो देश अमेरिकेने ताब्यात ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पुन्हा हार. १९०८ साली विल्यम टाफ्ट यांच्याकडून तिसरी हार.

मधल्या काळात, १९०५-०६ मध्ये, ते जगप्रवासाला निघाले आणि भारतातही आले. इथला दुष्काळ, कर आणि परदेशी जाणारा पैसा पाहून त्यांनी ब्रिटिश राजवटीवर कडक टीका करणारा लेख लिहिला. पुढे गदर चळवळीतल्या भारतीयांनी अमेरिकेत त्याच्या प्रती वाटल्या.

१९१२ साली त्यांनी वुड्रो विल्सन यांना उमेदवारी मिळवून द्यायला मदत केली आणि विल्सन यांनी त्यांना परराष्ट्रमंत्री केलं. वाद लढाईआधी चौकशी समितीपुढे न्यावा, असे करार त्यांनी सुमारे ३० देशांशी केले. १९१५ साली जर्मनीने लुसिटानिया हे जहाज बुडवल्यावर विल्सन यांनी जर्मनीला कडक खलिता पाठवायचं ठरवलं. यातून अमेरिका युद्धात ओढली जाईल असं वाटल्याने ब्रायन यांनी राजीनामा दिला.

आता त्यांच्या मागण्यांचं काय झालं ते पाहा. श्रीमंतांवर आयकर ही त्यांची जुनी मागणी, १९१३ साली घटनादुरुस्ती होऊन मान्य झाली. सिनेटचे सदस्य थेट जनतेने निवडावेत, तेही १९१३ साली झालं. महिलांना मताधिकार १९२० साली मिळाला. या तिन्ही गोष्टींना शहरातल्या सुधारणावाद्यांचाही पाठिंबा होता. गावातला भाविक शेतकरी आणि शहरातला पुरोगामी वकील तेव्हा एकाच बाजूला होते.

चौथी मागणी दारूबंदीची होती. १९२० पासून ती देशभर लागू झाली आणि इथे मात्र वाटा फुटल्या. गावातल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना दारू हे घर मोडणारं व्यसन वाटत होतं. शहरात स्थायिक झालेल्या आयरिश, इटालियन, जर्मन लोकांना दारूबंदी म्हणजे आपल्या राहणीवरचा हल्ला वाटत होता.

ज्या वर्षी गाव मागे पडलं

१९२० च्या जनगणनेत अमेरिकेत पहिल्यांदाच शहरी लोकसंख्या निम्म्याच्या वर गेली. याचा सरळ अर्थ असा की संसदेतल्या जागा आता गावांकडून शहरांकडे जाणार. गावांच्या प्रतिनिधींनी ते होऊच दिलं नाही. त्या दशकात जागांचं फेरवाटप झालंच नाही, जे घटनेप्रमाणे दर दहा वर्षांनी व्हायला हवं होतं. आपला देश हातातून चाललाय, ही गावांची भीती किती खोल होती हे यावरून दिसतं.

ही भीती १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उघड्यावर आली. ठिकाण पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एका बाजूला न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ, शहरी, कॅथलिक आणि दारूबंदीच्या विरोधात. दुसऱ्या बाजूला विल्यम मॅकाडू, ज्यांच्यामागे गावं आणि दक्षिण. उमेदवार ठरायला मतदानाच्या तब्बल १०३ फेऱ्या लागल्या आणि शेवटी तिसऱ्याच माणसाला, जॉन डेव्हिस यांना, उमेदवारी मिळाली.

त्याआधी एक ठराव आला होता. काळे, कॅथलिक आणि ज्यू यांच्याविरुद्ध दहशत माजवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेचा नाव घेऊन निषेध करावा. ब्रायन यांनी नाव घ्यायला विरोध केला. त्यांचं कारण होतं पक्ष फुटेल. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि ठराव जेमतेम एका मताच्या फरकाने पडला.

ब्रायन यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा डाग आहे. ते क्लॅनमध्ये नव्हते. पण सामान्य माणसाचं राज्य ही त्यांची कल्पना दक्षिणेतल्या काळ्या माणसापाशी येऊन थांबायची. तिथे काळ्यांना मत देऊ दिलं जात नव्हतं, आणि ब्रायन यांनी त्या व्यवस्थेची बाजूही घेतली. ग्रामीण बहुमताचा आवाज म्हणताना त्या गावातल्या कोणाला मोजलंच जात नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

डेटनचा खटला

१९२५ साली टेनेसी राज्याने एक कायदा केला. माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला, हे सरकारी शाळेत शिकवायला बंदी. कायदा आणणारे जॉन बटलर हे स्वतः शेतकरी होते. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेला कायद्याला आव्हान द्यायचं होतं. डेटन या छोट्या गावातल्या काही मंडळींना वाटलं, यातून आपल्या गावाचं नाव होईल. त्यांनी जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकाला तयार केलं आणि खटला उभा राहिला.

सरकारी बाजूला ब्रायन आले. बचावाला शिकागोचे नामवंत वकील क्लॅरेन्स डॅरो. हे तेच डॅरो, ज्यांनी १८९६ साली ब्रायन यांच्या बाजूने प्रचार केला होता आणि त्याच निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाकडून स्वतः संसदेसाठी उभे राहिले होते. गव्हाच्या भावावर आणि बँकांवर जे दोघं एकत्र होते, ते आता धर्मावर समोरासमोर आले.

ब्रायन यांचे दोन मुद्दे होते. शाळा लोकांच्या करातून चालतात, तर काय शिकवायचं हे लोक ठरवतील की मूठभर तज्ज्ञ? आणि दुसरा, बलवान जगतो आणि दुबळा मरतो हा विचार समाजाला लावला तर गरिबाचं काय होईल? ही दुसरी भीती पोकळ नव्हती. त्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात काही माणसं वंश वाढवायला अयोग्य असतात, असाही भाग होता. तेव्हाच्या अनेक सुशिक्षित शहरी लोकांना तो विचार पुरोगामी वाटत होता.

पण विज्ञानाच्या प्रश्नावर ब्रायन चुकत होते. उत्क्रांतीचा पुरावा तेव्हाही भक्कम होता, आणि विज्ञानात काय खरं हे मतदानाने ठरत नसतं. २० जुलै रोजी उन्हाळ्यामुळे कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर कामकाज चाललं. डॅरो यांनी ब्रायन यांनाच बायबलचे तज्ज्ञ म्हणून साक्षीला बोलावलं आणि दोन तास उलटतपासणी केली. ब्रायन यांची उत्तरं अडखळत गेली. शिकागोच्या रेडिओवर खटला थेट ऐकवला जात होता, देशभरचे पत्रकार हजर होते. बाल्टिमोरचे पत्रकार एच. एल. मेंकेन यांनी ब्रायन यांच्यासोबत डेटनच्या गावकऱ्यांचीही यथेच्छ टिंगल केली.

स्कोप्स दोषी ठरले आणि त्यांना १०० डॉलर दंड झाला. तो दंड भरायची तयारी ब्रायन यांनीच दाखवली होती, कारण या कायद्यात शिक्षा असू नये असं त्यांचं मत होतं. पाच दिवसांनी, २६ जुलै १९२५ रोजी, डेटनमध्येच दुपारच्या झोपेत त्यांचं निधन झालं.

मग जिंकलं कोण?

शहरांना वाटलं, आपण जिंकलो, हसून हसून हा विषय संपवला. प्रत्यक्षात टेनेसीचा कायदा १९६७ पर्यंत टिकला. पुस्तकं खपावीत म्हणून प्रकाशकांनी अनेक शालेय पुस्तकांतून उत्क्रांती गुपचूप कमी केली. चेष्टा झालेल्या लोकांनी आपली मतं बदलली नाहीत. त्यांनी स्वतःची कॉलेजं काढली, स्वतःचे रेडिओ कार्यक्रम सुरू केले. डेटनमध्ये १९३० साली ब्रायन यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं, ते आजही चालू आहे.

राजकारणात मात्र ही फूट कायमची नव्हती. १९३२ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी शेतकरी आणि शहरी कामगार दोघांची मतं मिळवली. त्यांनी धर्मावर वाद घातला नाही. शेतमालाचे भाव सावरायचा कार्यक्रम आणला, गावांत वीज नेली, आणि पहिल्याच वर्षी डॉलरची सोन्याशी असलेली जुनी गाठही सोडली. ब्रायन ज्यासाठी पहिली निवडणूक लढले, त्यातलं बरंचसं त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांत झालं.

म्हणून ब्रायन यांच्या आयुष्याचे दोन भाग शेजारी ठेवून पाहायला हवेत. भाव, कर्ज आणि कर यांवर बोलणं चालू होतं तोवर गावातला भाविक आणि शहरातला नास्तिक एका व्यासपीठावर येऊ शकत होते, कारण आकड्यांवर तडजोड होऊ शकते. कोण अडाणी आणि कोण धर्मबुडवा हा प्रश्न झाला, तेव्हा तडजोडीला जागाच उरली नाही.

आजचा नेब्रास्का हे याचं चांगलं उदाहरण आहे. हे राज्य आपली काही प्रतिनिधी मतं मतदारसंघांनुसार वाटतं. १८९६ साली डेमोक्रॅट ब्रायन यांना निवडणाऱ्या या राज्याचा शेतीवाला भाग आता रिपब्लिकन पक्षाचा पक्का गड आहे. डेमोक्रॅटिक पक्षाला २०२० आणि २०२४ साली इथून प्रत्येकी एकच प्रतिनिधी मत मिळालं. ते ओमाहा शहराच्या मतदारसंघातून आलं, जिथल्या वर्तमानपत्राचे ब्रायन एकेकाळी संपादक होते.